कारभार कोणाचा? मेंढीचं बीजांड आणि त्याची संप्रेरकं

डॉली नावाच्या मेंढीची गोष्ट शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. ५ जुलै १९९६ रोजी स्कॉटलंडमधल्या रॉझलिन संस्थेत ती जन्मली. सहा वर्षांच्या एका फिन डॉर्सेट मेंढीच्या कासेतल्या पेशीपासून तिला घडवलं होतं. ही कासेची पेशी जगाच्या लक्षात राहिली. पण त्या पेशीतलं केंद्रक ज्यात बसवलं ते बीजांड कुठून आलं, हे फारसं कुणी विचारत नाही. ते काळ्या तोंडाच्या स्कॉटिश ब्लॅकफेस जातीच्या मेंढीकडून आलं होतं. इयन विल्मट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात घाईने वाचणाऱ्याच्या नजरेतून हमखास निसटणारा एक तपशील आहे: जीएनआरएच या संप्रेरकाचं इंजेक्शन दिल्यानंतर २८ ते ३३ तासांच्या दरम्यान ही बीजांडं गोळा केली गेली.

नेमके एवढेच तास का? त्याआधी गेलं तर बीजांड अजून अंडाशयातच, अर्धवट पिकलेलं. फार उशीर केला तर ते सुटून बीजवाहिनीत उतरलेलं आणि शिळं होऊ लागलेलं. डॉलीसाठी अशा २७७ बीजांडांमध्ये परकं केंद्रक बसवलं गेलं आणि त्यातून एकच कोकरू जगलं. हा आकडा सगळे सांगतात. पण ही २७७ बीजांडं ठरल्या वेळी, पिकलेल्या अवस्थेत हाती आली, यामागे जवळजवळ एका शतकाचं काम आहे. प्रस्तुत ग्रंथ त्या कामाविषयी आहे. मेंढीच्या शरीरात बीजांड कसं पिकतं, कधी सुटतं आणि मुख्य म्हणजे हे ठरवतं कोण, हा त्याचा विषय.

हंगामात मेंढी साधारण दर सतरा दिवसांनी माजावर येते. माज टिकतो एक ते दीड दिवस, आणि बीजांड सुटतं ते बहुधा माज ओसरत असताना. मेंढपाळाला दिसतं ते एवढंच. आत जे चाललेलं असतं त्याचा पल्ला मात्र फार लांबचा आहे. मादी कोकरू जन्मतं तेव्हा त्याच्या अंडाशयांत आयुष्यभराचा साठा भरलेला असतो, हजारोंच्या, कधी लाखाच्या घरातला. ही बीजांडं आईच्या पोटातच विभाजनाला सुरुवात करतात आणि पहिल्याच टप्प्यावर थबकतात. काही दोन वर्षं थबकतात, काही आठ. बहुतेकांचा क्रम तर कधी लागतच नाही, ती तिथेच झिजून नष्ट होतात. प्रत्येक बीजांडाभोवती पोषक पेशींचं वेष्टण असतं, त्याला पुटक म्हणतात. सुप्त पुटकांपैकी थोडीथोडी सतत वाढीला लागत असतात. फ्रान्समधल्या नूझिलीच्या संशोधनातून १९८० मध्ये हिशेब मांडला गेला की सुप्त पुटक फुटण्याजोगं होईपर्यंत सुमारे सहा महिने जातात. दिवाळीला सुटणाऱ्या बीजांडाची वाढ अक्षय तृतीयेच्या सुमारास सुरू झालेली असते, असं म्हणता येईल. गंमत म्हणजे या सहा महिन्यांतला बराचसा काळ मेंदूच्या बुडाशी असलेल्या पीयूष ग्रंथीवाचूनही निभतो. तिची खरी गरज लागते ती शेवटच्या टप्प्यात, पुटक दोनेक मिलिमीटरचं झाल्यावर.

या शेवटच्या टप्प्यात कथानक वेग घेतं. पीयूष ग्रंथीतून येणाऱ्या एफएसएच या संप्रेरकाची पातळी चार-पाच दिवसांच्या अंतराने वर चढते आणि दर वेळी दोन-तीन मिलिमीटरच्या पुटकांची एक तुकडी वाढू लागते. त्यातली पुढे निघालेली एक-दोन पुटकं इस्ट्राडायॉल आणि इन्हिबिन ही संप्रेरकं रक्तात सोडतात. त्यांच्यामुळे एफएसएच खाली येतं आणि मागे राहिलेल्या पुटकांची रसद तुटते. पुढचं पुटक तरतं, कारण तोवर त्याने एफएसएचवरचं अवलंबन कमी करून एलएच या दुसऱ्या संप्रेरकावर जगण्याची तयारी केलेली असते. तरीही त्याचं नशीब पीतपिंडावर ठरतं. मागच्या वेळी जिथलं बीजांड सुटलं तिथे तयार झालेली ही पिवळसर गाठ. ती प्रोजेस्टेरॉन स्रवत असेपर्यंत एलएचचे ठोके तीन-चार तासांनी एखादा इतके संथ पडतात आणि मोठं झालेलं पुटकसुद्धा वाया जातं. चौदाव्या दिवसाच्या सुमारास गर्भाशय पीतपिंड मोडतं. मग ठोके तासाला एक या गतीने पडू लागतात, प्रत्येक ठोक्यागणिक पुटक आणखी इस्ट्राडायॉल सोडतं, आणि ते एका पातळीच्या वर जाऊन टिकलं की एरवी मेंदूला दाबून ठेवणारं हेच संप्रेरक उलटा परिणाम करतं. मेंदूतून जीएनआरएचचा आणि पाठोपाठ पीयूष ग्रंथीतून एलएचचा लोंढा सुटतो. तेच इस्ट्राडायॉल मेंढीला माजावरही आणतं. मात्र त्याआधी काही दिवस प्रोजेस्टेरॉन मिळालेलं असावं लागतं. म्हणूनच हंगामातलं पहिलं बीजांड अनेकदा मुकाट्याने सुटतं आणि मेंढा तिच्याकडे ढुंकूनही पाहत नाही.

लोंढ्यानंतर सुमारे चोवीस तास. तेवढ्यात पुटकाच्या पेशी आणि बीजांड यांना जोडणारे सूक्ष्म दुवे तुटतात, बीजांडाला रोखून धरणाऱ्या रेणूंची पातळी घसरते आणि वर्षानुवर्षं थबकलेलं विभाजन पुन्हा सुरू होतं. गुणसूत्रांचा निम्मा वाटा एका इवल्याशा पिंडात घालून बाहेर टाकला जातो. दुसऱ्या विभाजनाच्या मध्यावर बीजांड पुन्हा थांबतं, या वेळी शुक्राणूची वाट पाहत. इकडे पाच-सात मिलिमीटरच्या पुटकाची भिंत एका जागी पातळ होत जाते आणि फुटते.

हे सारं आज सलग सांगता येतं. पण ते सलग सापडलेलं नाही.

एफ. एच. ए. मार्शल यांनी एडिनबरात मेंढीच्या माजचक्राचा आणि पीतपिंडाच्या घडणीचा अभ्यास केला आणि १९०३ मध्ये तो प्रसिद्ध केला. कोणत्या दिवशी अंडाशय कसं दिसतं याची काटेकोर नोंद त्यात होती. संप्रेरक ही संकल्पनाच तेव्हा बाळसं धरत होती. पुढची तीन-चार दशकं अंडाशय आणि पीयूष ग्रंथी यांच्या अर्कांवर गेली. पीयूष ग्रंथी ही सगळ्या ग्रंथींची मुखिया, हा समज त्याच काळात रुजला आणि पाठ्यपुस्तकांत तो बरीच वर्षं मुक्काम ठोकून होता.

त्या मुखियालाही वरून आदेश येतात, असं जेफ्री हॅरिस म्हणू लागले तेव्हा मोठा वाद पेटला. मेंदूचा हायपोथॅलॅमस हा भाग आणि पीयूष ग्रंथी यांच्यामध्ये रक्तवाहिन्यांचं बारीक जाळं आहे. मेंदू त्यातूनच रासायनिक निरोप पाठवतो, असं त्यांचं प्रतिपादन होतं. सॉली झुकरमन यांच्यासारख्या वजनदार शास्त्रज्ञाने मुंगसाच्या चणीच्या फेरेट या प्राण्यावरचे प्रयोग पुढे करून हॅरिस यांना खोडून काढायचा प्रयत्न केला. निरोप प्रत्यक्ष हाती लागल्याशिवाय हा वाद मिटणार नव्हता. तो हाती लागावा म्हणून रॉजर गियमँ आणि अँड्र्यू शॅली यांच्या प्रयोगशाळांनी वर्षानुवर्षं चालवलेली चुरस विज्ञानाच्या इतिहासात कुप्रसिद्धही आहे आणि विलक्षणही. शॅलींनी डुकरांचे, तर गियमँ यांनी मेंढ्यांचे हायपोथॅलॅमस कत्तलखान्यांतून लाखांच्या संख्येने जमवले. त्यातून मिळणारा शुद्ध पदार्थ मिलिग्रॅमच्या हिशेबातला. जीएनआरएच हा दहा अमिनो आम्लांचा रेणू १९७१ मध्ये उलगडला, आणि त्याच वर्षी हॅरिस वारले. १९७७ चं नोबेल गियमँ, शॅली आणि रक्तातली संप्रेरकं अचूक मोजण्याची पद्धत देणाऱ्या रोझलिन यॅलो यांना विभागून मिळालं. यॅलो यांचा वाटा इथे कमी लेखू नये. मोजमाप आलं नसतं तर या शाखेचं पुढचं पानच उलटलं नसतं.

इथून पुढे मेंढी या विषयाची नायिका होते, आणि त्याला कारणं आहेत. उंदराचं रक्त दर दहा मिनिटांनी काढत राहिलं तर तो मरेल. मेंढीला त्याचा पत्ताही लागत नाही. ती पिंजऱ्यात उभी राहते, रवंथ करते, माणसाला लवकर सरावते. थंड प्रदेशातल्या मेंढीचं प्रजनन वर्षातले काही महिने आपोआप बंद असतं, त्यामुळे तीच यंत्रणा चालू आणि बंद अशा दोन्ही अवस्थांत तपासता येते. मेलबर्नमध्ये इयन क्लार्क आणि जेम्स कमिन्स यांनी १९८२ मध्ये शुद्धीवर असलेल्या मेंढीच्या मेंदू आणि पीयूष ग्रंथीमधल्या त्या बारीक वाहिन्यांतलं रक्त गोळा करून दाखवलं. जीएनआरएचचा एक ठोका पडला की एलएचचा एक ठोका पडतो, हे तिथे जोडीजोडीने दिसलं. हॅरिस यांनी तर्काने मांडलेली गोष्ट आता आलेखावर होती. मिशिगन विद्यापीठात फ्रेड कार्श आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आधीच, १९७७ मध्ये, ऋतूचं कोडं सोडवलं होतं: प्रजननाचा हंगाम संपला की इस्ट्राडायॉलची तेवढीच मात्रा मेंदूला कितीतरी जास्त दाबते. रात्र किती लांब आहे हे डोळ्यांवाटे मेंदूतल्या पिनियल ग्रंथीला कळतं आणि तिच्या मेलॅटोनिनवरून शरीर ऋतू ओळखतं, हेही मिशिगनसह अनेक ठिकाणी उलगडत गेलं. १९९० च्या सुमारास कार्श आणि नूझिलीचे अलँ काराती यांच्या कामातून जीएनआरएचचा लोंढाही प्रत्यक्ष मोजला गेला.

ही झाली मेंदूवाल्यांची परंपरा. तिचा दबदबा मोठा आहे. तिची भाषा आज्ञांची आहे: वरून निरोप, खाली अंमल.

दुसरी परंपरा खालून वर पाहणाऱ्यांची. तिची सुरुवात एका विचित्र शस्त्रक्रियेत आहे. १९६० च्या दशकात मेलबर्नमध्ये जेम्स गोडिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेंढीचं अंडाशय तिच्याच मानेत नेऊन बसवलं आणि मानेतल्या रक्तवाहिन्यांशी जोडलं. आता अंडाशयातून काय बाहेर पडतं ते गळ्याशीच मोजता येऊ लागलं. पण एक अडचण दिसली आणि तिनेच मोठी वाट दाखवली. एकटं अंडाशय मानेत गेलं की पीतपिंड वेळेवर मोडेना. गर्भाशय सोबत नेलं की मोडे. म्हणजे पीतपिंडाचा मारेकरी गर्भाशयात होता, आणि तो शेजारच्या अंडाशयापर्यंत जवळच्या वाटेने पोचत होता. १९७२ मध्ये जॉन मॅक्रॅकन यांच्या गटाने तो प्रोस्टाग्लँडिन एफ-२-अल्फा असल्याचं दाखवलं. गर्भाशयाच्या शिरेतून तो लगतच्या अंडाशयाच्या धमनीत झिरपतो. आज गाय-म्हैस माजावर आणायला पशुवैद्य जे इंजेक्शन सर्रास वापरतात त्याची पाळंमुळं या मानेतल्या अंडाशयात आहेत. पोटात गर्भ असेल तर तो बाराव्या-तेराव्या दिवशी इंटरफेरॉन टाऊ नावाचं प्रथिन स्रवून हा मारेकरी थोपवतो, हे पुढे १९८० च्या दशकात कळलं. एडिनबरात डेव्हिड बेअर्ड यांनी याच मानेतल्या अंडाशयाच्या आधारे दाखवलं की एलएचच्या प्रत्येक ठोक्याला पुटक इस्ट्राडायॉलच्या ठोक्याने उत्तर देतं. लोंढा कधी सुटायचा हे शेवटी पुटकाच्या तयारीवर ठरतं. मेंदू फक्त तयार बसलेला असतो.

प्रस्तुत ग्रंथाचा कल या दुसऱ्या बाजूला आहे, आणि तो लपवण्याचं कारण नाही. बीजांड पिकवण्याचा कारभार एका हुकमावर चालत नाही. गावकीच्या बैठकीसारखा तो चालतो, जिथे मुखिया समोर बसलेला असतो पण निर्णय कोपऱ्यातल्या मंडळींनी आधीच करून ठेवलेला असतो. आणि कोपऱ्यातल्या या मंडळींत सर्वांत लहान, मिलिमीटरच्या सातव्या-आठव्या हिश्शाएवढं बीजांडही आहे, हे कळायला सर्वांत जास्त वेळ लागला.

बीजांड पुटकाबाहेर काढलं की कोणत्याही संप्रेरकाशिवाय ते आपोआप पिकू लागतं, हे ग्रेगरी पिंकस यांना सशाच्या बीजांडात १९३५ मध्येच दिसलं होतं. म्हणजे पुटकाचं काम केवळ पिकवणं नसून रोखून धरणंही आहे. मात्र असं बाहेर पिकलेलं बीजांड वरकरणी पिकलं तरी त्यातून कोकरू होण्याची शक्यता कमी. केंब्रिजमध्ये रॉबर्ट मूर आणि अ‍ॅलन ट्राउन्सन यांनी १९७७ मध्ये मेंढीच्या बीजांडांवर नेमका हाच प्रश्न तपासला: केंद्रक पिकणं आणि पुढे गर्भ होण्याची कुवत येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दुसरीसाठी पुटक आणि संप्रेरकं यांची योग्य साथ लागते. ट्राउन्सन पुढे ऑस्ट्रेलियात मानवी टेस्ट ट्यूब बेबीच्या कामातलं अग्रगण्य नाव झाले. मेंढीच्या गोठ्यातून माणसाच्या दवाखान्यात जाणारी वाट अशी सरळ होती.

पण बीजांडाची बाजू खऱ्या अर्थाने ऐकू आली ती प्रयोगशाळेमुळे नव्हे, शेतकऱ्यांच्या नजरेमुळे. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्समधल्या कूमा गावाजवळ बूरूला नावाच्या शेतावर सीअर्स बंधूंच्या मेरिनो मेंढ्या सारख्या तिळी-चौळी वीत. मेरिनो ही एरवी एका कोकराची जात. हेलन न्यूटन टर्नर यांनी १९५८ मध्ये या कळपातली जनावरं सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेकडे आणली. अनेक जनुकांच्या बारीकसारीक बेरजेतून असं होत असेल, हाच तेव्हाचा सर्वसाधारण समज. १९८० च्या सुमारास लॉरी पायपर आणि बर्नार्ड बिंडन यांनी उलट सांगितलं: हे एकाच जनुकाचं काम आहे. या जनुकाची एक प्रत असली की प्रत्येक माजात सरासरी दीडेक बीजांडं जास्त सुटतात, दोन प्रती असल्या की तीनेक. २००१ मध्ये तीन वेगवेगळ्या गटांनी एकाच वर्षी ते जनुक गाठलं. पेशीच्या पृष्ठभागावरच्या बीएमपीआर-१-बी या ग्राहक प्रथिनातल्या २४९ व्या जागेवर ग्लुटामीनऐवजी आर्जिनीन, एवढाच तो बदल. त्याचा परिणाम असा की पुटकं लहान असतानाच, कमी पेशींनिशी, प्रौढ होतात. अशी चार-पाच पुटकं मिळून जेवढं इस्ट्राडायॉल आणि इन्हिबिन स्रवतात तेवढंच साध्या मेंढीची एक-दोन पुटकं स्रवतात. मेंदूला दोन्हीकडून एकच संदेश जातो, त्याला फरक कळत नाही, आणि मेंढीला तिळं होतं.

न्यूझीलंडमधल्या इनव्हरडेल मेंढ्यांची कथा याहून चमत्कारिक आहे. त्यांच्यातला बदल एक्स गुणसूत्रावर आहे. एक प्रत असलेली मेंढी जास्त कोकरं देते, दोन प्रती असलेली ठार वांझ. तिच्या अंडाशयांत पुटकं वाढतच नाहीत. २००० मध्ये हे जनुक बीएमपी-१५ निघालं, आणि हे प्रथिन स्वतः बीजांडच तयार करतं. पाठोपाठ आयर्लंडमधल्या बेलक्लेअर आणि केंब्रिज मेंढ्यांत जीडीएफ-९ या बीजांडाच्याच दुसऱ्या प्रथिनात बदल सापडले. भोवतालच्या पेशींनी किती वाढायचं, एफएसएचला किती जुमानायचं, हे बीजांड स्वतः सांगत असतं. मेंदूपासून खाली येणाऱ्या आज्ञांच्या उतरंडीत ज्याला शेवटचं, निमूट स्थान होतं, त्याचा आवाज असा पुढे आला.

बूरूलाच्या कथेला एक भारतीय शेपूट आहे. १७९२-९३ मध्ये कलकत्त्याहून जहाजांनी सिडनीला नेलेल्या बंगाली मेंढ्यांचं रक्त त्या कळपात आलं असावं, असा तर्क टर्नर यांनी मांडला होता. सुंदरबनच्या दलदलीत, पाण्याने भरलेल्या भातशेतांच्या बांधांवर चरणारी गारोळ ही दहा-पंधरा किलो वजनाची चिमुकली मेंढी. तिच्यात नेमका तोच बदल सापडला आणि तर्काला पुष्टी मिळाली. तोवर गारोळ सातारा जिल्ह्यात पोचलीही होती. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने १९९० च्या दशकात ती आणून दख्खनी मेंढीशी संकर सुरू केला. चंदा निंबकर आणि सहकाऱ्यांनी पुढची वर्षं ऑस्ट्रेलियातली न्यू इंग्लंड विद्यापीठाची मंडळी आणि पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा यांच्या साथीने, डीएनए चाचणीने जनुक ओळखत, ते दख्खनी अंगाच्या आणि चालीच्या मेंढीत उतरवलं. तीच ‘नारी सुवर्णा’. राजस्थानात अविकानगरच्या केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्थेने गारोळचंच जनुक घेऊन ‘अविशान’ घडवली.

या प्रयोगाचा कस प्रयोगशाळेत नव्हे, धनगराच्या वाड्यावर लागतो. दख्खनी मेंढी बहुधा एकच कोकरू देते. नवी मेंढी सरासरी दीडेक देते. कोकरं तीन-चार महिन्यांची झाली की विकायची, हेच उत्पन्न. तेव्हा वाढीव कोकरू म्हणजे रोकड. पण पावसाळ्यानंतर कळप घेऊन कोकणाकडे उतरणाऱ्या, नवी पिल्लं घोड्यावर घालून नेणाऱ्या कुटुंबाला दोन कोकरांना पुरेल एवढं दूध मेंढीला हवं, आणि त्यासाठी चारा हवा. जुळं परवडतं, तिळं डोईजड होतं. म्हणून तिथे जास्तीत जास्त बीजांडं हे ध्येय नव्हतंच. दोन पुरे, तिसरं नको, एवढं नेमकं साधायचं होतं. संप्रेरकांच्या बारकाव्याला अर्थशास्त्राची इतकी स्पष्ट चौकट क्वचितच मिळते.

मेंदू, अंडाशय आणि बीजांड यांच्या पलीकडे कुरण आहे, आणि कुरणाची परंपरा बरीचशी पश्चिम ऑस्ट्रेलियाची. एरिक अंडरवुड आणि सहकाऱ्यांनी १९४४ मध्ये तिथे नोंदवलं की हंगाम नसताना मेंढ्यांपासून दूर ठेवलेला मेंढा अचानक कळपात सोडला की अनेक माद्या लवकरच प्रजननाला लागतात. कारण पुढे कळलं: मेंढ्याच्या वासाने आणि सान्निध्याने मादीच्या एलएचचे ठोके लगेच वाढतात. याच प्रदेशात १९४६ मध्ये एक वेगळंच संकट शास्त्रीय नियतकालिकात आलं. एका विशिष्ट क्लोव्हर गवतावर चरणारे कळपच्या कळप वांझ होत होते. गवतातले रेणू मेंढीच्या शरीरात गेल्यावर इस्ट्रोजेनसारखे वागत होते. वनस्पतीत किंवा प्रदूषणात दडलेली संप्रेरकसदृश द्रव्यं हा आज जो जागतिक काळजीचा विषय आहे, त्याचा एक जुना आणि ठसठशीत धडा तो. आहाराचीही बाजू आहेच. जोडी लावण्याआधी काही दिवस चांगला खुराक दिला की सुटणाऱ्या बीजांडांची संख्या वाढते, हे मेंढपाळांना पिढ्यानपिढ्या ठाऊक होतं. वजन वाढण्याआधीच, आठवड्याभराच्या ल्युपिनच्या दाण्याने सुद्धा, हा परिणाम दिसतो, हे विज्ञानाने त्यात घातलेली भर.

व्यवहारात उतरलेलं ज्ञान कोणतं, तर स्पंज. सिडनी विद्यापीठाचे टी. जे. रॉबिन्सन यांनी १९६० च्या दशकात प्रोजेस्टेरॉनच्या जातीचं औषध भिजवलेला छोटा स्पंज मेंढीच्या योनीत ठेवायची पद्धत आणली. बारा-चौदा दिवस तो कृत्रिम पीतपिंडाचं काम करतो. काढला की सगळ्या कळपाचा संयम एकदम सुटतो. जोडीला गाभण घोडीच्या रक्तातून मिळणारं संप्रेरक टोचलं की दोन दिवसांत मेंढ्या एकत्र माजावर येतात आणि कृत्रिम रेतनाची वेळ घड्याळ लावून ठरवता येते. अविकानगरने असे स्पंज देशात तयार केले आहेत. पण पद्धत निर्दोष नाही. घोडीचं संप्रेरक पुन्हा पुन्हा दिलं की मेंढीचं शरीर त्याविरुद्ध प्रतिद्रव्यं बनवतं आणि परिणाम मंदावतो. घोड्यांचं रक्त काढण्यावरून प्राणिप्रेमी संघटनांचा आक्षेप वाढतो आहे. शिवाय मेंढीचं गर्भाशयमुख इतकं वळणाचं की गोठवलेलं रेत पुरेसं आत पोचवायला अनेकदा पोटात दुर्बीण घालावी लागते. गायीचं तंत्र मेंढीवर जसंच्या तसं लादणाऱ्या योजना का फसतात, याचं उत्तर बहुतेक वेळा इथे असतं.

हा विषय आज का महत्त्वाचा, याची उत्तरं गोठ्यातही आहेत आणि दवाखान्यातही. २०१९ च्या पशुगणनेत भारतात सुमारे ७ कोटी ४३ लाख मेंढ्या होत्या, महाराष्ट्रात सुमारे २७ लाख. चराईची जमीन आटत असताना प्रत्येक मेंढीमागचं उत्पन्न वाढवणं हा मेंढपाळाच्या टिकून राहण्याचा प्रश्न आहे. दवाखान्याच्या बाजूने पाहिलं तर मिशिगनमध्ये वसंता पद्मनाभन यांनी गाभण मेंढीला टेस्टोस्टेरॉन देऊन जन्मलेल्या माद्यांचा अभ्यास केला. त्यांची अंडाशयं पुटकांनी गच्च, चक्रं विस्कळीत, इन्शुलिनला प्रतिसाद कमी. पीसीओएस या अंडाशयाच्या विकाराने त्रस्त असलेल्या असंख्य तरुणींच्या आजारपणाचा गर्भावस्थेशी काय संबंध असू शकतो, हे तपासण्याचं ते आज एक महत्त्वाचं साधन आहे. २००७ मध्ये मेंढीच्याच मेंदूत किसपेप्टिन, न्यूरोकायनिन-बी आणि डायनॉर्फिन हे तिन्ही रेणू एकाच पेशीत आढळले आणि जीएनआरएचच्या ठोक्यांचा ताल धरणाऱ्या या पेशींकडे जगाचं लक्ष वळलं. त्याच वर्षी काराती यांच्या गटाने हंगाम नसलेल्या मेंढ्यांना किसपेप्टिन देऊन बहुतेकींत बीजांड सोडवून दाखवलं. न्यूरोकायनिन-बीचा परिणाम रोखणारं फेझोलिनेटंट हे औषध रजोनिवृत्तीतल्या अंगातून वाफा निघण्याच्या त्रासासाठी अमेरिकेत २०२३ मध्ये मंजूर झालं.

या साऱ्याची ओळख मराठीत एकत्र करून द्यावी, एवढाच या ग्रंथाचा आग्रह आहे. पशुवैद्यकाच्या विद्यार्थ्याला परीक्षेपुरतं पाठ केलेलं चक्र इथे प्रयोगांसकट, वादांसकट भेटेल. मेंढीपालन करणाऱ्या तरुणाला स्पंज किंवा जनुक चाचणी यांच्या जाहिरातींतला कस आणि फोलपणा ओळखता यावा, अशी मांडणी आहे. मात्र औषधांच्या मात्रांची कोष्टकं मुद्दाम दिलेली नाहीत, ते काम समोर उभं जनावर पाहणाऱ्या पशुवैद्याचं. स्त्रीच्या प्रजनन आरोग्याविषयी कुतूहल असलेल्या वाचकालाही पुष्कळ काही सापडेल, पण मेंढी म्हणजे बाई नव्हे, ही सावधगिरी प्रत्येक टप्प्यावर घेतली आहे. स्त्रीचं पीतपिंड गर्भाशय काढलं तरी वेळेवर मोडतं. मेंढीचं मोडत नाही. एवढा एक फरकसुद्धा घाईच्या तुलनांना आवर घालायला पुरेसा आहे.

वादही मिटवून टाकलेले नाहीत. पुटकं खरोखर लाटांनी वाढतात की सततच्या वाढीतून आपणच लाटा वाचतो, यावर सोनोग्राफीने पुष्कळ प्रकाश टाकला, तरी सगळ्यांचं एकमत घडवलं नाही. जीएनआरएचचा लोंढा एलएचचा लोंढा संपल्यानंतरही कित्येक तास वाहत राहतो. बीजांड सुटायला त्या उरलेल्या संप्रेरकाची गरज नाही, मग मेंदू ते का ओततो? काहींच्या मते त्याचा संबंध माज टिकवण्याशी असावा, काही तो निव्वळ उधळा साठा मानतात. दोन्ही बाजूंचे प्रयोग ग्रंथात शेजारी शेजारी ठेवले आहेत, आणि निकाल वाचकाच्या हाती सोपवला आहे.